जिवाणू कल्चर लावताय? मग हे आधी वाचा

कल्चर म्हणजे पिकाला नत्र (नायट्रोजन) नाहीतर स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारे जिवाणू, पेरणीआधी बियाण्याला लावायचे. कल्चर लावलं पण फरक काय दिसला नाही, असं म्हणणारे लय भेटतात आणि जरा खोदून विचारलं की कळतं पाकीट आठवडाभर उन्हात पडलं होतं नाहीतर बुरशीनाशकातच कालवून टाकलं होतं. अहो ते जिवंत असतं, युरियाची गोणी नाही ती! सावलीत ठेवा आणि घेताना मुदत बघा.

पाकिटावर पीक कुठलं लिहिलंय तेही बघा. हवेत ७८ टक्के नत्र आहे पण पिकाला ते थेट घेता येत नाही, रायझोबियम नावाचा जिवाणू मुळावर गाठी करून ते पिकाला देतो, पण फक्त शेंगवर्गीय पिकाला, त्यातही सोयाबीनचं कल्चर हरभऱ्याला चालत नाही. ज्वारी, गहू, मका असेल तर अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम, पण त्यांच्या गाठी होत नाहीत, फायदा थोडका असतो, म्हणून त्यांच्या भरवशावर नत्र पार बंद करू नका. पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) मात्र कुठल्याही पिकाला चालतं, जमिनीत अडकून पडलेलं स्फुरद ते आम्ल सोडून मोकळं करतं.

आता लावायचं कसं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम कल्चर. गूळ गरम पाण्यात विरघळवा, पाणी पार थंड होऊ द्या (घाई केली की जिवाणू तिथंच मेले), मग त्यात कल्चर कालवून बियाण्यावर शिंपडा, बी नुसतं चिकट झालं पाहिजे, भिजायला नको. सोयाबीनला हात हलका ठेवा, मी पहिल्या वर्षी दोन्ही हातांनी खसाखसा चोळलं आणि सालं निघाली, उगवण एवढी विरळ की दुबार पेरावं लागलं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, ते सुकू द्या, कल्चर सगळ्यात शेवटी. सावलीत पसरून वाळवा आणि त्याच दिवशी ओलीवर पेरा.

पेरताना नत्राचा डोस जास्त झाला तर गाठी कमी धरतात, आयतं मिळतंय म्हटल्यावर झाड कशाला जिवाणू पोसेल!

साधारण ३५-४० दिवसांनी दोन-चार झाडं कुदळीनं मातीसकट काढा, उपटू नका, गाठी जमिनीतच तुटून राहतात. बादलीत मुळं हळू धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नत्र देत नाही. गाठ बोटानं सहज निखळली पाहिजे, मूळच फुगलेलं असेल आणि गाठ निघतच नसेल तर ते सूत्रकृमीचं (मुळात शिरणाऱ्या बारीक कृमींचं) काम, कल्चरचं नाही.

आणि चार ओळी बिनकल्चरच्या ठेवा, काठी रोवून खूण करा, त्यांची पेरणी कल्चरच्या बियाण्याआधी उरका नाहीतर तोच हात तेच टोपलं लागून सगळा घोळ होतो. तिथल्या गाठीपण आतून गुलाबी निघाल्या तर तुमच्या रानात ते जिवाणू आधीपासूनच आहेत.