ऋण संख्यांची तुलना करताय? या चुका टाळा

−८ मोठा की −३? पटकन विचारलं की बरेच जण −८ सांगून मोकळे होतात, कारण ८ हा ३ पेक्षा मोठा हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पुढचं मायनस दिसूनही दिसत नाही. संख्यारेषेवर बघा ना, −३ शून्याच्या डावीकडे तीन घरं आणि −८ आठ घरं, म्हणजे −८ अजून डावीकडे, आणि जी संख्या डावीकडे ती लहान. म्हणून −८ < −३.

यावर उपाय म्हणून "ऋणात सगळं उलटं असतं" असं पाठ करून घेतात, आणि माझ्या मते हीच खरी गडबड आहे. कारण मग −५ आणि २ समोर आले की तिथेही उलटं करून −५ मोठा ठरवतात! उलटं-बिलटं काही नसतं हो, रेषेवर उजवीकडची संख्या मोठी, दोन्ही धन असोत, दोन्ही ऋण असोत, नाहीतर एक इकडची एक तिकडची.

आता रेषाच चुकीची काढली तर? आपल्याला डावीकडून लिहायची सवय, त्यामुळे काही मुलं −१, −२, −३, ० असं लिहून जातात आणि पुढची सगळी उत्तरं चुकतात. शून्यापासून सुरुवात करा, त्याच्या डाव्या शेजारी −१ च आला पाहिजे, मग −२. आणि घरं सारख्या अंतराची ठेवा.

दशांश आले की अजून गोंधळ. −२.५ हा −२ आणि −१ च्या मध्ये टाकतात, खरं तर तो −३ आणि −२ च्या मध्ये येतो. तसंच −२.७ आणि −२.६५, इथे ६५ बघून फसू नका, −२.७ म्हणजे −२.७०, तो जास्त डावीकडे, म्हणून लहान. अपूर्णांकातही तेच, −१/२ हा −१/३ पेक्षा लहान.

शून्यापासूनचं अंतर आणि संख्येचा लहानमोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. −६ शून्यापासून ६ घरं लांब, ४ फक्त ४ घरं, तरी मोठा ४ च.

चढता क्रम लावताना डावीकडून वाचत या: −६, −४, −१.५, ०, १. यात ० विसरणारे बरेच असतात, आणि ते सगळ्यात आधी लिहिणारेही.