अक्षांश-रेखांश हाताळताना: नकाशाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

विहिरींच्या नोंदी नकाशावर आणण्याच्या कामावर मी रुजू झालो, तेव्हा अक्षवृत्ते आडवी आणि रेखावृत्ते उभी एवढ्या भांडवलावर आपले भागेल असे मला वाटत होते. पहिल्याच आठवड्यात पुणे शहरातील एका जुन्या विहिरीची नोंद माझ्या हाती आली. वहीत १८°३१' उत्तर, ७३°५१' पूर्व असे लिहिलेले होते आणि मी संगणकावरील तक्त्यात १८.३१ आणि ७३.५१ असे आकडे भरले. विहिरीचा ठिपका शिवाजीनगरच्या आसपास उमटायला हवा होता; तो उमटला तोरणा आणि रायगड यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात, म्हणजे सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला आणि ३६ किलोमीटर पश्चिमेला. एका अंशात ६० मिनिटे असतात, त्यामुळे ३१ मिनिटे म्हणजे ०.५१७ अंश आणि ५१ मिनिटे म्हणजे ०.८५ अंश, योग्य नोंद १८.५१७ आणि ७३.८५ अशी होते. या कामात नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून ही चूक होताना मी पाहिली आहे, म्हणून ती सर्वांत आधी सांगितली.

ती चूक दाखवून देणाऱ्या आमच्या मॅडमनी सूत्र पाठ करायला सांगितले नाही. २१ मार्चला त्यांनी मला कार्यालयाच्या गच्चीवर नेले, एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करायला लावली आणि दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायला सांगितली. सर्वांत आखूड सावली साडेतेहतीस सेंटीमीटरच्या आसपास भरली. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. त्यामुळे माध्यान्ही तो आपल्या डोक्यावरून जितके अंश कललेला दिसतो, तितकाच आपला अक्षांश असतो. काठी आणि सावली यांच्या गुणोत्तरावरून कोन काढला, तर तो साडेअठरा अंश आला. अक्षांश हे कोनाचे माप आहे, हे मला त्या खडूच्या खुणांनी जितके पटवले तितके कोणत्याही आकृतीने पटवले नव्हते.

रेखांशही त्याच काठीने दिला. सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा घड्याळात बारा वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती. यातील सुमारे सात मिनिटांचा फरक पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे त्या तारखेला पडतोच. तो वजा केला की पस्तीस मिनिटे उरतात. पृथ्वी तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांना एक अंश फिरते. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते, तेव्हा आपण तिच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांवर, म्हणजे ७३°४५' पूर्वेला आहोत, असे उत्तर निघाले. खऱ्या रेखांशाशी फरक उरला तो केवळ सहा मिनिटांचा (घड्याळाच्या नव्हे, अंशाच्या), आणि साधने काय, तर काठी, खडू आणि घड्याळ!

अंशांचे अंतरात रूपांतर करताना मात्र दोन्हींना एकच माप लावू नये. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटर भरतो. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत असल्यामुळे रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पुण्यात सुमारे १०५ किलोमीटर आणि ६० अंश अक्षवृत्तावर जेमतेम निम्मा असतो. दशांश चिन्हापुढील पाच स्थाने म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची अचूकता काही मीटरांचीच असते, तेव्हा आठ-आठ स्थाने लिहून नोंद अधिक अचूक होत नाही.

क्रमाकडेही लक्ष द्यावे. बोलताना आपण आधी अक्षांश सांगतो, पण नकाशाच्या अनेक संगणक प्रणाली आधी रेखांश मागतात. दोन्हींची अदलाबदल झाली, तर पुण्यातील विहीर थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाते. ही चूक निदान लगेच दिसते.

लवकर न दिसणारी चूक जुन्या नकाशांतून येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर १५ मिनिटे लांबी-रुंदीचा प्रदेश असतो. पुण्याचा बराचसा भाग ४७ एफ/१४ या पत्रकात येतो. जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती नमुन्यावर बेतलेली आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही प्रणाली वापरते. पृथ्वीच्या आकाराची गृहीतकेच वेगळी असल्याने त्याच जागेचे आकडे दोन्हींत थोडे वेगळे येतात आणि रूपांतर न करता भरले, तर ठिपका शंभर मीटर किंवा त्याहूनही अधिक सरकू शकतो. शहराच्या नकाशावर हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही, पण गावात तेवढ्याने एकाची विहीर दुसऱ्याच्या गटात जाते आणि शेतकऱ्यासाठी ही बाब मुळीच किरकोळ नसते.

म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी तिची लेखनपद्धत (अंश-मिनिटे की दशांश) आणि संदर्भ प्रणाली (एव्हरेस्ट की डब्ल्यूजीएस-८४) लिहून ठेवावी. गावात पोहोचल्यावर मी पहिले मापन विहिरीवर घेत नाही. ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या दारात उभा राहून घेतो, कारण ती जागा नकाशावर लगेच ओळखू येते. तिथला ठिपका नेमका बसला, तरच पुढे शिवारात जातो.