अडलेली नोंदणी अशी मार्गी लागली

नव्या सत्राचे पाचही विषय कॉलेजच्या पोर्टलवर निवडून मी निर्धास्त होतो. वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पाहिलं, तर प्रत्येकापुढे 'प्रलंबित'. पोटात गोळाच आला. कारण खाली बारीक अक्षरांत होतं: ग्रंथालयाचा जुना दंड थकलेला, म्हणून माझ्या विद्यार्थी-खात्यावर होल्ड, म्हणजे नोंदणी रोखून धरलेली. दंड तिथल्या तिथे ऑनलाइन भरला, तरी होल्ड उठेना. शेवटी पावती घेऊन लेखा विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी समोरच तो काढला. विषय निवडणं वेगळं आणि निश्चित करणं वेगळं, हे तेव्हा कळलं. तोवर एका विषयाच्या जागा भरल्या होत्या. प्रतीक्षायादीत नाव घातलं, रोज सकाळी पोर्टल तपासलं. विषय बदलायची मुदत संपायच्या दोन दिवस आधी जागा मिळाली.