पिप अर्ध्यावर अडकतं? आधी दोष कुठे आहे ते बघा

धारणी किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पिपने (पायथनची पॅकेजं नेटवरून आणून बसवणारी कमांड) पायथनचं पॅकेज टाकायला घेतलं, की हमखास 'रीड टाइम्ड आउट' येतं. लगेच पायथन काढून परत टाकू नका. (खालच्या कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

पहिलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपमधला घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल उतरलेला असेल तर लाइन जाऊन आली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र (तो खरा असल्याचा डिजिटल पुरावा) त्या तारखेला लागूच झालेलं नसतं आणि पिप 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' म्हणतं. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. 'ट्रस्टेड-होस्ट' लावून तपासणीच बंद करायचा सल्ला कोणीही देतं. तो ऐकू नका.

मग पत्ते. पॅकेजची यादी पायपीआय.ऑर्गवरून येते, पण फाइल येते फाइल्स.पायथनहोस्टेड.ऑर्गवरून. दोन्हींवर 'एनएसलुकअप' (नावावरून आयपी पत्ता शोधणारी कमांड) चालवा. आयपी मिळालाच नाही तर डीएनएस (नावाचा आयपी सांगणारा सर्व्हर) गुगलचा ८.८.८.८ करून बघा. कॉलेजच्या वायफायवर कधी पहिला पत्ता चालतो आणि दुसरा अडवलेला असतो. तिथे हॉटस्पॉटवर जाणंच बरं.

पत्ते ठीक, पण रेंज एका काडीची? पिप १५ सेकंद काहीच आलं नाही की हात टेकतं. 'पिप इन्स्टॉल --टाइमआउट १०० --रिट्राइज १० नम्पाय' असं द्या (नम्पाय हे उदाहरणाचं पॅकेज). हे १०० सेकंद पूर्ण डाउनलोडचे नाहीत, मधल्या शांततेचे आहेत. जुनं पिप तुटलेली फाइल पहिल्यापासून आणतं. २५.१ पासून '--रिझ्यूम-रिट्राइज ५' देता येतं, म्हणून आधी पिपच अपडेट करा. ते जेमतेम दोन एमबीचं आहे.

डाउनलोड झालं आणि कंपायलरची चूक आली, तर नेटचा दोष नाही. तुमच्या पायथनसाठी तयार व्हील (थेट बसणारी पॅकेज फाइल) नव्हतं, म्हणून सोर्स (मूळ कोड, जो आधी कंपाइल करावा लागतो) उतरला. '--ओन्ली-बायनरी :ऑल:' लावलं की असा डेटा वाया जात नाही.

तरी जमलं नाही तर पेनड्राइव्ह. तालुक्याच्या गावी 'पिप डाउनलोड -डी पेटी नम्पाय' करा. लागणारी इतर पॅकेजंही 'पेटी' फोल्डरमध्ये येतात. घरी 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पेटी नम्पाय'. दोन्हीकडे विंडोज किंवा लिनक्स आणि पायथनची आवृत्ती एकच हवी. फाइलच्या नावात 'सीपी३११-सीपी३११' (म्हणजे पायथन ३.११ साठीची) असेल, तर ती पायथन ३.१२ वर बसत नाही.