सांदवाडीत हरणे शिरू नयेत म्हणून : कुंपणापासून राखणीपर्यंत

ताडोबा, पेंच, नागझिरा, बोर, टिपेश्वर किंवा उमरेड-करांडला या विदर्भातील जंगलांच्या आसपासच्या गावांत घरामागच्या सांदवाडीतील मेथीचा वाफा एका रात्रीत साफ होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शेतातले नुकसान मोठे असते आणि त्याची चर्चाही होते. परंतु सांदवाडीतले चार वाफे म्हणजे त्या घराची हिवाळाभराची भाजी असते आणि ती गेली की आठवडी बाजाराचा खर्च वाढतो. याहून गंभीर बाब अशी की चितळांचा कळप घराच्या भिंतीपर्यंत चरायला येऊ लागला, की त्याच्या मागावर बिबट्याही येतो. त्यामुळे हरणांना परसबागेपासून दूर ठेवणे हा भाजीइतकाच अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

पुढे सांगितलेल्या उपायांपैकी वर्षानुवर्षे टिकणारा उपाय एकच आहे, तो म्हणजे पुरेशा उंचीचे आणि वेळेवर घातलेले कुंपण. वास, आवाज आणि बुजगावणे यांनी काही दिवस निभावते, एवढेच. शिवाय हरीण हे सवयीचे जनावर आहे. एकदा वाट पडली आणि चव लागली, की तेच कुंपण त्याला अडवायला अपुरे पडते, जे आधी घातले असते तर पुरेसे ठरले असते. म्हणून भाजी उगवण्यापूर्वीच तयारी करावी.

पहिली पायरी : कोण येते ते ओळखावे

चितळासाठी घातलेले कुंपण रानडुकरासाठी निरुपयोगी ठरू शकते, म्हणून आधी ओळख पटवून घ्यावी. सकाळी खाल्लेल्या झाडाचा शेंडा हातात धरून जवळून पाहावा. गाय-शेळीप्रमाणेच हरणालाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पाला कापत नाही, तर धरून हिसकते आणि देठाच्या टोकाला चिंध्या झाल्यासारखे तंतू राहतात. सशाने खाल्लेला देठ मात्र चाकूने तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ दिसतो. माती उकरलेली असेल आणि रताळी किंवा कोचईचे (अळूचे) कंद बाहेर पडलेले असतील, तर ते काम रानडुकराचे समजावे. दिवसाउजेडी शेंगा अर्धवट खाऊन टाकलेल्या दिसल्या, तर वानरे आली होती. त्यांच्यापुढे कोणत्याही उंचीचे कुंपण चालत नाही.

खात्री करण्यासाठी संध्याकाळी वाफ्याच्या कडेला हातभर रुंदीच्या पट्ट्यावर पाणी शिंपडून माती तळहाताने सारखी करून ठेवावी. सकाळी त्यावर खुरांचे ठसे स्पष्ट उमटलेले असतात. चितळाचा ठसा शेळीच्या खुरासारखा, दोन फाकांचा आणि पुढे निमुळता असतो. सांबराचा आणि रोहीचा (नीलगायीचा) ठसा बराच मोठा असतो. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते, त्यामुळे तिचा ढीग सापडला की शंका उरत नाही. शास्त्रीयदृष्ट्या रोही हरणाच्या कुळातली नसून गायीच्या कुळातली आहे, पण सांदवाडीच्या दृष्टीने बंदोबस्त जवळपास सारखाच करावा लागतो. फक्त रोही अंगाने भारी असल्याने कुंपणाचे खांब अधिक मजबूत हवेत. चितळे मुख्यतः पहाटे आणि सायंकाळी येतात, सांबर बहुधा रात्री येते. राखण करणाऱ्याने वेळ त्यानुसार ठरवावी.

दुसरी पायरी : त्यांना बोलावणाऱ्या गोष्टी काढाव्यात

मार्च-एप्रिलमध्ये घराजवळच्या मोहाखाली पडलेली फुले चितळांना फार आवडतात. बोरे, आवळे, जांभळे खाली पडून राहिली तरी तेच होते. झाडावर वानरांची टोळी असेल, तर ती खाली टाकत असलेला पाला आणि फळे खाण्यासाठी चितळे झाडाखाली जमतात, हे जंगलात फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून घराच्या आसपास पडलेली फुले, फळे आणि पाला रोज संध्याकाळच्या आत झाडून उचलावा. गुरांसाठी ठेवलेली मिठाची वीट आणि पाण्याचे टाके रात्री उघडे ठेवू नये. उन्हाळ्यात चितळाला रोज पाणी लागते आणि नाले आटले की ते गावाकडे वळते.

वाडीला लागून वाढलेली रायमुनियाची (घाणेरीची) झुडपे किमान वीस फुटांपर्यंत तोडून जागा मोकळी करावी. हरीण आडोशातून येते, उघड्यावर थांबायला बिचकते. त्याच आडोशात बिबट्याही दबा धरून बसू शकतो, त्यामुळे या कामात टाळाटाळ करू नये.

तिसरी पायरी : लागवडीची रचना बदलावी

उग्र वासाची, तिखट किंवा खरखरीत पानांची झाडे हरणे सहसा शेवटी खातात. वांगी, मिरची, कांदा, लसूण, हळद, आले, कोचई, पुदिना आणि गवती चहा यांच्या ओळी वाडीच्या बाहेरच्या बाजूने घ्याव्यात. पालक, मेथी, बरबटी (चवळी), वाल, वाटाणा, रताळे, कोबी आणि फुलझाडांपैकी गुलाब व जास्वंद ही त्यांची आवडती झाडे घराच्या भिंतीलगत लावावीत. या रचनेवर फार विसंबून राहू नये. उन्हाळ्याच्या शेवटी रानात हिरवे काहीच उरत नाही तेव्हा उपाशी चितळ मिरचीचाही पाला ओरबाडते.

चौथी पायरी : कुंपण

खांद्यापाशी चितळ साधारण तीन फूट उंच असते, म्हणून पाच फुटांचे कुंपण पुरेल असा अनेकांचा समज असतो. पण घाबरलेले किंवा भुकेले चितळ सहा फुटांवरूनही उडी मारते. एकेरी कुंपण घालायचे असेल, तर ते आठ फूट उंच असावे; चार फूट रुंदीच्या जाळीचे दोन पट्टे एकावर एक शिवून ही उंची गाठता येते. तीस बाय चाळीस फुटांच्या वाडीचा घेर १४० फूट होतो आणि दर आठ फुटांवर एक खांब धरल्यास अठरा खांब लागतात. जाळी आणायला जाण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा, म्हणजे अर्ध्यावर काम थांबत नाही.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत खांब रोवण्यात खरी मेख आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्यामुळे मातीतच रोवलेला खांब दोन हंगामांत कलतो आणि कुंपण मधूनच झोल खाते. खड्डा किमान दोन ते अडीच फूट खोल घ्यावा, काढलेली काळी माती परत न भरता मुरूम व दगडगोटे भरून ते पहारीने घट्ट ठोकावेत. कोपऱ्याच्या खांबांना तिरपा टेका द्यावा. बांबू किंवा लाकडाच्या बल्ल्या वापरणार असाल, तर जमिनीत जाणारा भाग विस्तवावर बाहेरून करपवावा किंवा त्याला डांबर लावावे, नाहीतर वाळवी वर्षभरात तो पोखरते. पावसाळा ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, जमिनीत ओल असताना खड्डे सहज खणले जातात आणि रब्बीची भाजी वर येण्याआधी कुंपण उभे राहते.

जाळी ताणून बांधावी. सैल जाळीत, विशेषतः मासेमारीच्या जुन्या जाळ्यात, नराची शिंगे अडकतात आणि ते जनावर तडफडून मरते. जाळीच्या खालच्या काठाला फूटभर रुंदीची वेगळी पट्टी जोडून ती बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरावी आणि त्यावर दगड ठेवावेत, म्हणजे रानडुक्कर किंवा चितळाचे पाडस खालून घुसत नाही. काटेरी तार मी तरी सुचवणार नाही. तारांच्या मधून चितळ अंग चोरून निघते, आणि निघता आले नाही तर त्याचे पाय व पोट फाटते.

आठ फुटांचा खर्च झेपत नसेल, तर दुहेरी कुंपण घालावे. हरीण उंच उडी मारते आणि लांबही मारते, परंतु दोन्ही एकाच वेळी साधणे त्याला कठीण जाते, आणि पलीकडे पाय कुठे टेकायचे हे दिसत नसेल तर ते उडी घ्यायला कचरते. म्हणून साडेचार फुटांची दोन कुंपणे एकमेकांपासून चार-पाच फूट अंतरावर घातली, तर ती एका उंच कुंपणाचे काम करतात. आतले कुंपण साध्या जाळीचे आणि बाहेरचे तुराट्या-पऱ्हाट्यांचे केले की खर्च बराच कमी होतो. मधल्या पट्ट्यात हळद किंवा गवती चहा घेता येतो.

बोराटीचे कुंपण हा आपल्या भागातला जुना आणि अजूनही उत्तम उपाय आहे. बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या बुंधा आत आणि शेंडा बाहेर अशा रचाव्यात व तळाशी रुंदी निदान चार फूट ठेवावी. रुंदी कमी पडली की केवळ उंचीने काम भागत नाही. हे कुंपण दरवर्षी नव्याने करावे लागते. कायमस्वरूपी जिवंत कुंपण हवे असेल, तर मृगाचा पाऊस पडताच सागरगोटी, चिल्हार, करवंद किंवा घायपात यांची दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर, तिरकस लागवड करावी. ते दाट व्हायला तीन-चार पावसाळे लागतात, तोपर्यंत बाहेरून काट्यांचा आधार द्यावा.

फाटकाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि हरीण नेमके तिथूनच शिरते. फाटक कुंपणाइतकेच उंच असावे, त्याखाली वीतभरही फट नसावी आणि ते आपोआप मिटेल अशा रीतीने थोडे तिरपे टांगावे.

पाचवी पायरी : साड्या, वास आणि राखण

शेताभोवती जुन्या साड्या बांधण्याची रीत विदर्भात सर्वत्र दिसते आणि त्यामागे तर्क आहे. साडीमुळे आतले पीक दिसत नाही, वाऱ्याने कापड हलते आणि त्याला माणसाचा वास असतो. साडी बांधताना वरचा काठ सुतळीवर दुमडून दर दोन फुटांवर गाठ मारावी आणि खालचा काठ मोकळा न सोडता खुंटीला सैलसर अडकवावा, म्हणजे ती फडफडते पण गुंडाळली जात नाही. उन्हाने विटून तिला भोके पडली की बदलावी. नुसत्या साडीवर एखादा महिना निघतो. जाळीच्या आतून किंवा तुराट्यांना लावून तिचा उपयोग अधिक होतो.

वासाच्या उपायांमध्ये नासक्या अंड्यांची फवारणी इतर घरगुती उपायांपेक्षा परिणामकारक आहे. तीन-चार अंडी पाच लिटर पाण्यात फेटून तीन दिवस झाकून ठेवावीत, कापडाने गाळून घ्यावीत आणि कुंपणावर, फळझाडांच्या खालच्या फांद्यांवर व फुलझाडांवर फवारावीत. खायच्या पालेभाजीवर हे पाणी मारू नये. पाऊस पडला की वास जातो, म्हणून पुन्हा फवारावे लागते. लसूण-मिरचीचा अर्क, शेण-गोमूत्राचा सडा आणि केसांच्या पुरचुंड्या यांचा परिणाम थोडे दिवस टिकतो. उपाय आलटून पालटून वापरले तर ते दिवस थोडे लांबतात.

कुत्र्याच्या भुंकण्याने चितळ निश्चित दूर राहते. मात्र बिबट्याचा वावर असलेल्या गावात रात्री वाडीत बांधलेला कुत्रा त्याचे भक्ष्य ठरतो, तेव्हा अंधार पडल्यावर त्याला घरात घ्यावे. राखणीसाठी जाताना एकट्याने, मोबाइलच्या उजेडावर जाऊ नये. चांगली टॉर्च घ्यावी आणि बोलत, काठी आपटत जावे.

झटका मशीन वापरायचे असल्यास

सौर ऊर्जेवरचे झटका मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि तारेत साधारण सेकंदाला एक, अत्यंत क्षणिक ठोका सोडते. त्यामुळे जनावर दचकते, पण मरत नाही. सर्व काही अर्थिंगवर अवलंबून असते. लोखंडी सळ्या खोल ठोकाव्यात आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की त्यांच्या बुडाशी रोज पाणी घालावे. तारेला गवत टेकू देऊ नये, नाहीतर झटका गवतातूनच जमिनीत जातो. हरणाच्या अंगावरचे केस विजेला अडवतात, म्हणून झटका नाकाला बसला तरच ते धडा घेते. यासाठी तारेवर ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या लावून त्यांना शेंगदाण्याचा कूट गुळात कालवून माखावा. यंत्रासाठी अनुदानाची योजना सुरू आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.

घरातल्या लाइनवरून किंवा खांबावर आकडा टाकून तारेत थेट वीज सोडणे मात्र कधीही करू नये. अशा तारांनी विदर्भात वाघ मेले आहेत, शेतकरीही मेले आहेत, आणि तो गंभीर गुन्हा आहे. चितळ, सांबर, रोही या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांच्यासाठी फासे लावणे किंवा विष घालणे हाही गुन्हाच आहे. फोरेट या कीटकनाशकाच्या दाण्यांच्या पुड्या कुंपणाला टांगण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. या औषधावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे आणि त्याचा वास घेणाऱ्या माणसालाही त्यापासून धोका आहे.

हरीण आत शिरलेच तर

आरडाओरडा करून चारी बाजूंनी घेरू नये. घाबरलेले हरीण जाळीवर धडका घेते, कठडा नसलेल्या विहिरीत पडते, आणि पळून-पळून आलेल्या ताणानेही मरू शकते. कुत्री बांधावीत, फाटक पूर्ण उघडावे, सर्वांनी विरुद्ध बाजूला जाऊन शांत उभे राहावे. ते आपली वाट शोधून निघून जाते. वाडीच्या कडेला गवतात एकटे पाडस दिसले, तर त्याला हात लावू नये किंवा घरी आणू नये. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि माणसांची वर्दळ थांबली की परत येते.

जखमी किंवा अडकलेले जनावर असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि पथक येईपर्यंत त्याचे डोळे सुती कापडाने झाकता आले तर झाकावेत. शिंगे असलेल्या नराच्या जवळ मात्र जाऊ नये. वाडीला लागून असलेल्या शेतातील पिकाचेही नुकसान झाले असेल, तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत खुरांचे ठसे व खाल्लेली झाडे जशीच्या तशी ठेवून त्यांचे फोटो काढून घ्यावेत.