जुन्या सागवानी खिडकीला आतून दुसरी काच कशी लावायची

आमचं घर गिरगावात अगदी रस्त्याला लागून, आणि टॅक्सी-बाइकच्या हॉर्नने आईला रात्रभर झोप लागेना तेव्हा जो तो सांगायला लागला की त्या जुन्या खिडक्या काढा नि ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवा. प्लीज काढू नका. तसलं सागवान आता हजार ठिकाणी फिरलात तरी मिळायचं नाही, आणि आतून ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, एक शीट लावली की भागतं, बाहेरून कोणाला कळतसुद्धा नाही.

आधी फटी बुजवा. खिडकी बंद करून कडेकडेने उदबत्ती फिरवा, धूर जिथे हलतो तिथूनच आवाज येतो. झडप खाली उतरली असेल तर सुताराकडून बिजागऱ्या नीट करून घ्या, काचेभोवतीची लांबी (पुट्टी) निघाली असेल तर परत भरा, खाचेत रबरी पट्टी लावा (मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मीटरवर मिळते). हे न करता शीट लावली तर पैसे पाण्यात.

मग जागा. जुन्या भिंती जाड असतात त्याचा फायदा घ्या, गजांच्या आतल्या बाजूला, बाहेरच्या काचेपासून निदान 4 इंच सोडून चारी बाजूंनी लाकडी पट्टी ठोका, कारण आवाज अडतो तो या अंतरामुळे. पट्टी आणि प्लास्टरमध्ये सिलिकॉन भरा. माप वर, मध्ये, खाली तीनदा घ्या, आमच्याकडे वरखाली 6 एमएमचा फरक निघाला. सगळ्यात लहान माप धरून त्यातून 4-5 एमएम कमी करा, ॲक्रिलिक उन्हात फुगतं.

शीट 4 एमएम ॲक्रिलिकची. 3 बाय 4 फुटाची साधारण साडेपाच किलो होते, काचेची दुप्पट झाली असती. शीटच्या कडेला चुंबकाची पट्टी, लाकडावर लोखंडी पट्टी, ती चौकटीच्याच रंगात रंगवा. वजन मात्र खालच्या लाकडावर टेकू दे, चुंबकाने फक्त धरून ठेवायचं.

आता मुंबईतली खरी अडचण. थंड देशातले व्हिडिओ सांगतात आतली शीट घट्ट लावा, बाहेरच्या खिडकीत थोडी फट असली तरी चालेल. आपल्याकडे एसी लावला की उलटं होतं, बाहेरची दमट हवा फटीतून मध्ये शिरते आणि गार शीटवर पाणी धरतं. पहिल्या जुलैत आमची शीट सकाळी खिडकीकडच्या बाजूने पांढरी व्हायची, खालच्या लाकडावर बुरशी आली. बाहेरच्या झडपेचं रबर बदललं तेव्हा कुठे थांबलं. म्हणून काम पावसाआधी, लाकूड कोरडं असताना करा आणि मध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा.

हॉर्न बराच कमी होतो, ढोलाचा धमधमाट पूर्ण जात नाही हे धरून चाला. पुसताना साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे नको, ॲक्रिलिकला बारीक चिरा जातात. काढलेली शीट पलंगाखाली सपाट ठेवा, भिंतीला टेकवली की वाकते. आणि शीटच्या वरच्या कडेला एक कापडी पट्टा चिकटवाच, घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही एका हाताने ओढून खिडकी उघडता आली पाहिजे.