हॅलोवीनचा भोपळा आठ दिवसांत का बसतो? या चुका टाळा

अमेरिकेतला आमचा पहिला ऑक्टोबर. लेकीने हट्ट धरला म्हणून हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या सणाच्या, चांगला दोन आठवडे आधीच आत दिवा ठेवायला भोपळ्यावर चेहरा कोरला. ३१ तारखेला पोरं चॉकलेटं मागायला आली, तोवर त्याचं तोंड बोळकं झालं होतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळी लव उगवली होती.

चूक घाईची होती. अखंड भोपळा गार, कोरड्या जागी दोन-तीन महिने टिकतो, पण तो सालीच्या जोरावर. साल फोडली की चार दिवस, फार तर आठवडा. म्हणून विकत कधीही आणा, सुरी मात्र २८-२९ तारखेच्या आधी लावू नका. आणताना देठाला धरून उचलू नका, देठ मोडला की तिथूनच कूज शिरते. बुडाशी अंगठा दाबून बघा, मऊ लागला तर परत ठेवा.

वरून टोपी कापायची पद्धत मी सोडली. मागून किंवा बुडातून कापलं की देठाकडचा भाग शाबूत राहतो आणि भोपळा लवकर खचत नाही.

आळस नडतो तो आतल्या साफसफाईत. बिया काढल्या, काम झालं, असं नसतं. ते ओले धागे म्हणजे बुरशीची मेजवानी. धातूच्या चमच्याने खरवडत राहा. चमचा बुळबुळीत लागायचा थांबून करकर वाजायला लागला की पुरे; भिंत इंचभर जाड राहू द्या. मग चार लिटर पाण्यात एक टेबलस्पून ब्लीच घालून त्यात भोपळा बुडवा (हातमोजे घालून, मोकळ्या हवेत) आणि उपडा घालून खडखडीत वाळवा. काही जण वर व्हिनेगरही ओततात. ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा दोन्ही एकत्र कधीच नको.

कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावलं की त्या सुकत नाहीत, पण ते वाळवल्यानंतर. ओल्यावर लावलं तर ओल आत कोंडते. आणि व्हॅसलीन लावलं असेल तर मेणबत्ती नकोच, ते पेट घेऊ शकतं. तसंही मेणबत्तीने भोपळा आतून शिजतो. बॅटरीवरचा एलईडी दिवा बरा.

रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर भोपळा गॅरेजमध्ये घ्या. गोठला की त्याच्या पेशी फुटतात, आणि सकाळी ऊन लागलं की लगदा. हीटर चालू असलेल्या खोलीत ठेवणंही तितकंच वाईट.

सुरकुतलाच, तर रात्रभर बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा, कडा पुन्हा ताठ होतात. बुरशी दिसली असेल तर मात्र सरळ कंपोस्टमध्ये.

बिया ब्लीचच्या आधी बाजूला काढून तिखट-मीठ लावून भाजा. गराचे घारगे करायच्या भानगडीत पडू नका. मी केले होते. कोरायचा भोपळा पाणचट, कितीही गूळ घाला. घारग्यांसाठी दुकानात त्याच्याच शेजारी छोटे शुगर पंपकिन असतात, ते घ्या.